इलेक्ट्रिकल घेऊ का? कोकणातून दरवर्षी येणारे प्रश्न

दहावी-बारावीचे निकाल लागले की गावाकडून फोन सुरू होतात. आधी पोफळी-शिरगावकडचे, मग गुहागर, देवरूख. उरलेले गणपतीत घरी गेले की पडवीत गाठतात. मी अलोऱ्याच्या कॉलनीत वाढले. बाबा कोयनेच्या कामावर होते. मी आधी डिप्लोमा केला, मग डिग्री, आणि गेली अठरा वर्षं उच्चदाब वीज उपकेंद्रांच्या देखभालीत आहे. प्रश्न दरवर्षी तेच, म्हणून एकदाचे लिहून काढतेय. बहुतेकांच्या पोटात खरा प्रश्न वेगळाच असतो, पोर शिकून परत येईल की मुंबईलाच राहील. त्याचंही उत्तर जमेल तिथे दिलंय.

इलेक्ट्रिकल म्हणजे वायरमनचंच काम ना? त्याला चार वर्षं कशाला?

हा प्रश्न विचारणाऱ्या काकांच्याच काजूच्या कारखान्याचं उदाहरण देते. त्यांनी वीस हॉर्सपॉवरची मोटर आणली. चालू असताना ती साधारण २८ अँपिअर घेते, पण थेट सुरू केली तर पहिले काही सेकंद त्याच्या पाच-सहा पट ओढते. तेवढ्यात अख्ख्या वाडीचे दिवे मंदावतात आणि शेजारच्या घरातून हाका येतात. आता स्टार्टर कोणता? थेट पूर्ण व्होल्टेज देणारा डायरेक्ट ऑनलाइन ठेवायचा, आधी कमी व्होल्टेज देणारा स्टार-डेल्टा लावायचा की स्पीड हळूहळू चढवणारा ड्राइव्ह? केबल किती जाडीची? आतल्या पॅनलमध्ये फॉल्ट झाला तर आतलाच ब्रेकर पडावा, वाडीच्या डीपीवरचा फ्यूज उडू नये, हे कसं जमवायचं? हे ठरवणं इंजिनियरचं काम. ठरलेलं नीट, घट्ट आणि सुरक्षित जोडणं वायरमनचं. काकांनी दोन्ही कामं एकाच माणसाकडून करून घेतली होती, म्हणून तर फोन आला.

वायरमनला कमी लेखू नका. मला केबलचं टर्मिनेशन, म्हणजे टोकाची जोडणी, करायला एका वायरमननेच शिकवलं, कॉलेजने नाही.

आयटीआय, डिप्लोमा की डिग्री?

घरची परिस्थिती आणि पोराचा कल बघून ठरवा, शेजाऱ्याचा मुलगा काय करतो ते बघून नको.

महावितरणचंच घ्या. आयटीआयचा इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन विद्युत सहायक म्हणून लागतो आणि पुढे तंत्रज्ञ होतो. डिप्लोमावाला कनिष्ठ अभियंता, डिग्रीवाला सहायक अभियंता. ही तीन दारं वेगवेगळी आहेत. एकातून आत गेल्यावर दुसरीकडे जाता येतं, पण वर्षं जातात.

मला विचाराल तर ज्याला हाताने काम करायची हौस आहे आणि घरी पैशाची ओढाताण आहे, त्याने दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा करावा. त्यानंतर डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. एकूण वर्षं बारावीच्या वाटेपेक्षा वाढत नाहीत, मोटर-ट्रान्सफॉर्मर लवकर हाताखाली येतात आणि मध्येच थांबायची वेळ आली तर हातात नोकरीपुरता कागद असतो. तोटा एकच. डिप्लोमाचं गणित थोडं हलकं असतं, त्यामुळे दुसऱ्या वर्षात दम लागतो. मला लागला होता.

प्रवेश कसा मिळतो? कोकणात कॉलेज आहे का?

बारावी सायन्स, त्यात फिजिक्स आणि गणित हवंच. त्यानंतर एमएचटी-सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा. पेपर दोनशे गुणांचा. गणिताच्या ५० प्रश्नांना प्रत्येकी २ गुण, फिजिक्स आणि केमिस्ट्रीच्या ५०-५० प्रश्नांना प्रत्येकी १. म्हणजे निम्मे गुण गणिताचे. निगेटिव्ह मार्किंग नाही, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नका. मग कॅपच्या, म्हणजे राज्याच्या एकत्रित प्रवेशाच्या, फेऱ्या होतात, त्यात कॉलेजांचा क्रम भरायचा. इथेच पोरं चुकतात. हवं ते कॉलेज वर आणि मिळेल ते खाली, एवढं साधं असतं, पण "आपल्याला कुठे मिळणार" म्हणून चांगलं कॉलेज यादीतच टाकत नाहीत.

कोकणात लोणेऱ्याचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, माणगावजवळ, महामार्गाला लागून. तिथली इलेक्ट्रिकल जुनी आहे. डिप्लोमासाठी रत्नागिरी, मालवण, पेण इथे शासकीय तंत्रनिकेतनं आहेत. कुठे कोणती शाखा आणि किती जागा ते त्या वर्षीच्या कॅपच्या यादीत बघा, कारण ते बदलतं. घाट चढायची किंवा मुंबई गाठायची तयारी असेल तर सांगलीचं वालचंद, पुण्याचं सीओईपी, माटुंग्याचं व्हीजेटीआय. मुंबईच्या हॉस्टेलचा आणि खानावळीचा खर्च फीपेक्षा जड होतो, तो हिशोब आधी मांडा.

चार वर्षांत नक्की शिकवतात काय?

पहिलं वर्ष सगळ्या शाखांचं जवळपास सारखंच. तिथे कंटाळून "हे माझं नाही" म्हणू नका, खरी शाखा तेव्हा सुरूच झालेली नसते. दुसऱ्या वर्षापासून सर्किट, ट्रान्सफॉर्मर, मोटर-जनरेटर, मोजमापं. तिसऱ्यात पॉवर सिस्टिम, कंट्रोल सिस्टिम, पॉवर इलेक्ट्रॉनिक्स. चौथ्यात स्विचगिअर आणि प्रोटेक्शन, हाय व्होल्टेज, प्रोजेक्ट.

मला कुणी विचारलं की तुला ही शाखा कधी कळली, तर तारीख सांगता येणार नाही पण आवाज सांगता येईल. मशीन लॅबमध्ये डीसी शंट मोटरचा स्पीड कंट्रोल करत होतो. जोडणी माझी होती. फील्डची, म्हणजे मोटरमध्ये चुंबकक्षेत्र तयार करणाऱ्या गुंडाळीची, एक वायर मी टर्मिनलवर नुसती गुंडाळली होती, नट आवळायचा राहिला. मोटर नीट चालू झाली, रीडिंग घ्यायला लागलो, आणि अचानक तिचा आवाज चढायला लागला. आधी घरघर, मग शिट्टीसारखा. टॅकोमीटर धरलेली मैत्रीण दोन पावलं मागे सरली. आमचे लॅब असिस्टंट पलीकडच्या टेबलावर चहा पीत होते. त्यांनी वळून बघितलंसुद्धा नाही, नुसत्या आवाजावरून ओरडले, "फील्ड उडाली, मेन बंद कर!"

पुस्तकात तेच एका ओळीत होतं. मोटर फिरताना स्वतःच उलटं व्होल्टेज तयार करते, आणि ते फील्डच्या फ्लक्सवर (चुंबकी प्रवाहावर) आणि स्पीडवर अवलंबून असतं. फ्लक्स गेला की तेवढंच व्होल्टेज तयार करायला मोटर आणखी जोरात धावते. भार नसेल तर आर्मेचरच्या, म्हणजे फिरणाऱ्या भागाच्या, चिंधड्या होईपर्यंत. परीक्षेत मी ते दोनदा लिहून गुण मिळवले होते. समजलं त्या दिवशी. लॅबची रीडिंग दुसऱ्याच्या जर्नलमधून उतरवणाऱ्या पोरांना म्हणूनच सांगते, बाकी काय हवं ते उतरवा, मशीन लॅब स्वतः करा.

गणित कच्चं आहे. जमेल?

बारावीत साठ-पासष्ट टक्के आणि रोज बसायची तयारी असेल तर जमेल. कॉम्प्लेक्स नंबर, डिफरन्शियल इक्वेशन, लाप्लास, मॅट्रिक्स हे चार पक्के करा. गणिताची भीतीच वाटत असेल तर ही शाखा नको. दिसत नाही ते इथे गणितानेच बघायचं असतं.

इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स, ई अँड टीसी (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन), कॉम्प्युटर... फरक काय?

पुरेसा ढोबळ फरक असा, की इलेक्ट्रिकलमध्ये वीज हे बळ, इलेक्ट्रॉनिक्समध्ये वीज हा निरोप. मधली भिंत आता बरीच पडलीय. इन्व्हर्टर, इलेक्ट्रिक गाडीचा चार्जर, उपकेंद्रातला फॉल्ट ओळखणारा न्यूमेरिकल रिले, हे सगळं दोन्हीकडचं. कॉम्प्युटरला जागा नाही मिळाली म्हणून इलेक्ट्रिकलला आलेली पोरंही भरपूर भेटतात. त्यातली निम्मी शेवटी सॉफ्टवेअरलाच जातात. जाऊ देत, पण मग पहिल्यापासून प्रोग्रामिंग शिका, चौथ्या वर्षी जागं होऊ नका.

कोकणात नोकरी आहे का?

आहे. भरपूर नाही, पण इतर शाखांपेक्षा जास्त. कारण वीज तयार होते तीच मुळी इथे.

कोयना नदी खरी पूर्वेची. महाबळेश्वराहून निघते आणि कऱ्हाडला कृष्णेला मिळते. तिचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्याने पश्चिमेला वळवलं आणि साडेचारशे मीटरहून जास्त उंचीवरून पोफळीच्या भूमिगत वीजगृहात सोडलं. तेच पाणी खाली कोळकेवाडीला पुन्हा अडवून तिसऱ्या टप्प्यात परत वापरतात आणि मग वाशिष्ठीत सोडतात. पोफळीत पाणी खूप उंचावरून येतं म्हणून पेल्टन टर्बाइन, तिसऱ्या टप्प्यात उंची कमी म्हणून फ्रान्सिस. चौथ्या टप्प्यासाठी १९९९ साली जलाशयाच्या तळाशी स्फोट करून बोगदा उघडला, ते लेक टॅपिंग. सगळे टप्पे मिळून १९६० मेगावॅट. आम्ही लहानपणी या सगळ्याला नुसतं "पावर हाऊस" म्हणायचो. बाबांच्या हाताला तेलाचा वास यायचा, तो ट्रान्सफॉर्मरचा हे मला डिप्लोमात गेल्यावर कळलं.

जयगडला कोळशाचा १२०० मेगावॅटचा प्रकल्प आहे, ३०० चे चार संच. गुहागर तालुक्यात अंजनवेलला गॅसवरचा, म्हणजे आधीचा एन्रॉनचा, जो २००१ मध्ये बंद पडला आणि २००५ मध्ये नव्या कंपनीकडे गेला. त्याची गोष्ट आमच्या पिढीला पाठ आहे. प्रकल्प आला म्हणजे नोकरी आली असं नसतं, हे गुहागरकरांना वेगळं सांगायला नको.

कोकण रेल्वेचं विद्युतीकरण रोह्यापासून ठोकूरपर्यंत पूर्ण झालं, जून २०२२ मध्ये ते राष्ट्राला अर्पण केलं. ७४१ किलोमीटरची २५ केव्हीची, म्हणजे २५ हजार व्होल्टची, तार, बोगद्यांतून आणि दरडींखालून गेलेली. ती सांभाळायला माणसं लागतातच. त्याखेरीज वीज मंडळाचे २००५ मध्ये तीन तुकडे झाले, महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण. तिन्हींची कार्यालयं, वीजगृहं किंवा उपकेंद्रं कोकणात आहेत. लोटे-परशुरामची एमआयडीसी, मासळीचे बर्फ कारखाने, आंबा कॅनिंग हे वेगळंच.

पण पहिली नोकरी घराजवळच हवी असा हट्ट नको. आधी पाच-सात वर्षं बाहेर काढा. कोकणात परत यायचं असेल तर अनुभव घेऊन येणाऱ्याला जागा मिळते, नवशिक्याला रांग मिळते.

जैतापूर होणार आहे म्हणतात. त्या हिशोबाने शाखा घेऊ?

सहा अणुभट्ट्या, एकूण जवळपास दहा हजार मेगावॅट, एवढं कागदावर आहे. कागदावर बघून प्रवेश घेऊ नका. अणुऊर्जेत जायचंच असेल तर त्याच्या परीक्षा देशभराच्या असतात. त्या द्या, मग तारापूर, कैगा कुठेही जाता येईल.

धो धो पावसात लाईट टिकते आणि झिमझिम पावसात जाते. हे कसं?

हा करिअरचा प्रश्न नाही, पण सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो. आणि याचं उत्तर ऐकताना ज्या पोराचे डोळे मोठे होतात, त्याला मी बिनधास्त इलेक्ट्रिकल घ्यायला सांगते.

खाऱ्या वाऱ्याने इन्सुलेटरवर मिठाचा थर बसतो. डोळ्यांना तो दिसतही नाही. सुकं मीठ वीज वाहून नेत नाही, म्हणून एप्रिलभर काही होत नाही. पण मेअखेरीला पहिला शिडकावा आला, किंवा हिवाळ्यात पहाटे दव पडलं, की तो थर ओलसर होतो आणि त्यातून थोडा थोडा करंट गळायला लागतो. गळणाऱ्या करंटच्या उष्णतेने थराचे काही पट्टे सुकतात, त्या सुक्या पट्ट्यांवर ठिणग्या उडतात, ठिणग्या एकमेकींना जुळतात आणि एका क्षणी वरपासून खालपर्यंत विजेचा झगझगीत चाप होतो. फीडर ट्रिप, म्हणजे वाडीकडची लाइन आपोआप बंद. धो धो पाऊस मात्र मीठच धुऊन नेतो.

अशा रात्री उपकेंद्राच्या यार्डात दिवे बंद करून उभं राहिलं तर इन्सुलेटरच्या माळांवर निळसर जांभळा उजेड सरपटताना दिसतो आणि तव्यावर पाणी शिंपडल्यासारखी चुरचुर ऐकू येते. कुठली माळ जास्त बोलतेय ते ऐकून आम्ही नोंद करतो आणि दुसऱ्या दिवशी शटडाउन घेऊन ती पुसतो, धुतो किंवा बदलतो. सिलिकॉन रबरचे इन्सुलेटर पाण्याचे थेंब थेंबच ठेवतात, सलग थर होऊ देत नाहीत, म्हणून किनाऱ्याला ते बरे.

दुसरं कोकणी दुखणं जांभ्याचं. जांभा सुकला की वीज जमिनीत जाऊच देत नाही. घाटावर एका खड्ड्यात कोळसा-मीठ घालून जे अर्थिंग होतं, ते आपल्याकडे मेमध्ये तपासलं की रीडिंग बघून डोक्याला हात लावावा लागतो. मग खोल बोअर मारा, दोन-चार इलेक्ट्रोड एकमेकांना जोडा, विहिरीजवळची ओल शोधा. पाठ्यपुस्तकात अर्थिंगला दोन पानं असतात. कोकणात त्यावर नोकरी निघते.

मुलगी आहे. यार्डात, खांबावर कशी जाणार?

माझी आई हेच म्हणाली होती.

इंजिनियरला रोज खांबावर चढावं लागत नाही, पण यार्डात, ऊन-पावसात, रात्रपाळीला जावं लागतं. त्यात मुलीला जमणार नाही असं काही नाही. जमत नाही ते कंपन्यांना. माझ्या पहिल्या नोकरीत साइटवर बायकांसाठी संडासच नव्हता. दिवसभर पाणी न पिता काम करायचं आणि संध्याकाळी डोकं ठणकत खोलीवर यायचं. तीन वेळा लेखी दिलं, मग नोकरी सोडून दिली. आता मुलाखतीला जाणाऱ्या मुलींना मी सांगते, पगाराआधी हे विचारा. ओशाळायचं त्यांनी.

फीबद्दल एक लक्षात ठेवा. २०२४-२५ पासून राज्यात ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, कॅपमधून घेतलेल्या व्यावसायिक प्रवेशाला शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. उत्पन्नाचा दाखला वेळेत काढा. तहसीलला जूनमध्ये काय गर्दी असते ते सांगायला नको.

शॉक लागला तर?

लागू शकतो. जे अपघात मी जवळून पाहिले, ते अज्ञानाने झाले नाहीत, घाईने झाले. लाइन बंद आहे असं फोनवर कळलं म्हणजे ती बंद नसते. कामाचं परमिट हातात, उघडा असलेला स्विच डोळ्यांनी बघितलेला, टेस्टरने तपासलेलं, दोन्ही बाजूंना अर्थिंग रॉड लावलेला, मगच हात. पलीकडच्या घरातला जनरेटर उलटा करंट सोडू शकतो. दोन बाजूंना अर्थ लावतात तो त्यासाठीच. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर रायगडात आणि उत्तर रत्नागिरीत खांब आडवे झाले होते आणि लोक "कधी येणार लाईट" म्हणून अंगावर येत होते. तेव्हाही हा क्रम सोडायचा नसतो.

जहाजावर इलेक्ट्रिकलवाल्याला घेतात का?

घेतात. त्याला इलेक्ट्रो-टेक्निकल ऑफिसर म्हणतात, पोरं नुसतं "ईटीओ" म्हणतात. इलेक्ट्रिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्सची डिग्री, डीजी शिपिंगची (केंद्राच्या नौवहन महासंचालनालयाची) मान्यता असलेल्या संस्थेतला साधारण चार महिन्यांचा कोर्स, मेडिकल, आणि मग कंपनी. मोठ्या जहाजांवर आता ६.६ केव्हीची वीज असते, थंड कंटेनरांच्या रांगा असतात, सगळं त्याच्या गळ्यात. कोकणातल्या घराघरात कुणीतरी बोटीवर असतो, त्यामुळे चौकशी सोपी.

अडचण कोर्सनंतर येते, पहिलं जहाज मिळताना. आमच्या वाडीतल्या एकाने एका एजंटाला काही लाख दिले, सात महिने "पुढच्या महिन्यात" ऐकलं आणि पैसेही गेले. कोर्सला पैसे भरण्याआधी त्या संस्थेतून मागच्या दोन तुकड्यांतल्या किती पोरांना जहाज मिळालं ते पोरांनाच फोन करून विचारा.

सरकारी नोकरीसाठी काय करायचं?

गेट ही इंजिनियरांची देशपातळीवरची परीक्षा द्या. १०० गुण, ६५ प्रश्न, तीन तास. एनटीपीसी, पॉवर ग्रिडसारख्या कंपन्या त्यावरून भरती करतात आणि आयआयटीत एमटेकलाही तोच स्कोअर लागतो. यूपीएससीच्या इंजिनियरिंग सर्व्हिसेसमध्ये इलेक्ट्रिकल ही चारपैकी एक शाखा आहे. राज्याच्या वीज कंपन्या आणि रेल्वे यांच्या जाहिराती वेगळ्या निघतात. तयारी तिसऱ्या वर्षापासून. घरी बसून तीन-तीन वर्षं फक्त परीक्षा देणं मात्र मला पटत नाही. नोकरी करत द्या.

स्वतःचा धंदा?

परत यायची ही मला सगळ्यात सरळ वाट वाटते. विद्युत ठेकेदाराचा परवाना काढा, त्यासाठी पर्यवेक्षकाचा परवाना आणि अनुभव लागतो. सोलरचं काम सध्या जोरात आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळतं. पण घाटावरचं कोटेशन जसंच्या तसं कोकणात चालत नाही. कौलारू छपराला स्ट्रक्चर धरत नाही, साध्या लोखंडाला वर्षात गंज येतो, पावसाळ्यात विजेचे युनिट घटतात, आणि वाऱ्याचा हिशोब चुकला तर पॅनल शेजाऱ्याच्या माडात सापडतं. हे समजून काम करणारा माणूस इथे कमी आहे. तिथेच जागा आहे.

पगार किती?

कॉलेजच्या जाहिरातीत सगळ्यात मोठा आकडा छापतात. तुम्ही मधला विचारा, म्हणजे वर्गातल्या तिसाव्या पोराला किती मिळाले. सुरुवातीला सॉफ्टवेअरपेक्षा कमीच असतो, हे मान्य करून या.

इंजिनियर झाला तरी घरचा पंखा दुरुस्त करता येत नाही. मग शिकला काय?

हे बाबांनी मलाही ऐकवलं होतं, चौथ्या वर्षाच्या सुट्टीत. पंखा हळू फिरत होता, हाताने ढकलला की चालायचा. मी वाइंडिंग जळलं असेल म्हणून अर्धा तास बोलले. बाबांनी स्टूल आणलं, मेन बंद केला, वरची वाटी खाली सरकवली, अडीच मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर बदलला आणि खाली उतरून म्हणाले, "आता बोल."